‘बस’ मायला म्हटलं होतं

अन्याय माझ्या मोठ्या बहिणीवर झाला. दोन हजार सात साली, धनत्रयोदशीच्या दिवशी, दुपारी चार वाजता, मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या स्टेशन रोडवर, भर बाजारात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. कोणावर, कधी आणि कुठे, हे पहिल्यांदा सांगायचं, असं उकव्याच्या खाणमजुरांची पत्रकं लिहिताना मला शिकवलं होतं. पत्रकाची पुडी होण्याआधी लोक तेवढंच वाचतात. तुम्ही मात्र पुढचंही वाचा.

स्टेशन रोडवर टीव्ही-फ्रिजचं एक मोठं दुकान होतं. गावातलं अर्धं केबलही त्याच मालकाचं. त्या सुमारास मोठ्या वाहिन्यांवर माणसांना घरात कोंडून दिवसरात्र दाखवायचे खेळ सुरू झाले होते आणि लोक ते भात गिळायचा विसरून बघत होते. मालकाच्या डोक्यात आलं की हे आपणही करू शकतो. दुकानाच्या दर्शनी भागात एरवी वॉशिंग मशीन मांडलेल्या असत. त्या हलवून तिथे प्लायवुडच्या आडभिंतींनी चार खोल्या केल्या. पुढची बाजू काचेची, जाड. आत गादी, स्टूल, पाण्याचा जग. घड्याळ नाही, पेपर नाही, मोबाईल नाही. शेजारच्या खोलीतला माणूस दिसत नाही. मागे एक मोठा पंखा सतत घरघरत ठेवलेला, त्यामुळे रस्त्यावरचा एक शब्द आत येत नाही. आतला आवाज मात्र छताला टांगलेल्या माईकमधून भोंग्यावर आणि केबलवर जातो.

खेळ इतकाच की एकट्याने राहायचं. बोला, रडा, गा, कोणी उत्तर देणार नाही. नाही सहन झालं तर माईकवर एक शब्द म्हणायचा. काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘प्रतियोगी ने माइक पर बस कहा तो खेल समाप्त।’ मग मालक काउंटरवरची पितळी घंटा वाजवणार आणि दार उघडणार. शेवटी जो राहील त्याला स्कूटी. ती दुकानाबाहेर चौथऱ्यावर, हँडलला झेंडूचा हार घालून उभी केलेली होती. लाल रंगाची.

हौस म्हणून ताई त्या काचेत गेली नव्हती. संविदा शिक्षक, म्हणजे कंत्राटी शिक्षिका, म्हणून तिची नेमणूक झाली होती. शाळा जंगलाच्या रस्त्यावरच्या एका गावात. बालाघाटहून जाणारी एकमेव बस तिथे पोचायची तोवर शाळेची जेवणाची सुट्टी झालेली असायची. त्या गावात भाड्याने खोली द्यायला कोणी तयार नव्हतं. आमचं आडनाव ऐकलं की खोली अचानक भाच्यासाठी राखलेली निघायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर वेळेवर हजर झाली नाहीस तर जागा दुसऱ्याला देऊ, असं तिला तोंडावर सांगितलं होतं. बाबा तिरोडीच्या खाणीत, माय राइस मिलमध्ये धान वाळवायच्या कामावर. घरात गाडी येण्याचा दुसरा रस्ता नव्हता. दिवाळी आमच्या घरची नाही, आम्ही बुद्धविहारात जाणारे. पण त्या दिवाळीच्या सुट्टीवर आमचं सगळं टांगलेलं होतं.

मी तेव्हा बी.ए.ला होते आणि प्रत्येक गोष्टीला विरोध करत होते. याही गोष्टीला केला.

“माणसाले पिंजऱ्यात ठेवून गंमत पाहतात. तू कायले जातं?”

“तू पत्रक काढ त्याच्यावर,” ताई वेणी घालता घालता म्हणाली. “मी तवरिक स्कूटी घेऊन येतो.”

पहिल्याच दिवसात एक कॉलेजची मुलगी रडत बाहेर आली. मग एक पानठेलेवाला, त्याला म्हणे आपल्याच ठेल्याचा वास येत होता. उरले दोघं. ताई आणि व्यायामशाळेतला एक तरुण. तो दिवसातून चारदा जोर काढायचा आणि त्या वेळी काचेपुढे पोरांची गर्दी व्हायची.

ताईच्या काचेपुढे सुरुवातीला कोणी थांबत नसे. ती नुसती बसलेली असायची. चौथ्या-पाचव्या दिवशी तिचं बोलणं सुरू झालं आणि भोंग्यावरून मी ते पहिल्यांदा ऐकलं. मला वाटलं, डोकं फिरलं हिचं. ती म्हणत होती, “सात अट्ठे?” आणि थांबली. मग मान हलवून म्हणाली, “शाबाश. अब पीछे वाले बोलेंगे. सात नवाँ?”

वेड लागलं नव्हतं. ती शाळा भरवत होती. दिवाळीनंतर जे शिकवायचं होतं त्याची तालीम तिने तिथेच सुरू केली, हिंदीत, कारण शाळा हिंदी होती. पाढे, झाडांचे भाग, वैनगंगा कुठून निघते आणि कुठे जाते. प्रत्येक प्रश्नानंतर ती बरोबर उत्तर येण्याइतका वेळ थांबायची. दोन दिवसांत सुट्टी लागलेली पोरं काचेपुढे रांगा करून बसू लागली. ती विचारायची आणि बाहेर पंचवीस-तीस पोरं एका सुरात ओरडायची, “छप्पन।” तिला ऐकू काही येत नव्हतं. तिला फक्त उघडणारी तोंडं दिसायची. व्यायामशाळेवाल्याच्या काचेपुढची गर्दी ओसरली. घरोघरी बाया केबल लावून पोरांना सांगत, “मैडम आ गई, बैठ पढ़ने।” मालक खूश होता. त्याच्या जाहिराती वाढल्या होत्या.

आणि मग धनत्रयोदशी आली.

मायने तोवर एकदाही स्टेशन रोडवर पाऊल टाकलं नव्हतं. पोरगी काचेत ठेवलेली मी पाहणार नाही, असं तिचं म्हणणं. त्या दिवशी मिल लवकर सुटली आणि ती तशीच आली, साडीला कोंडा लागलेला, डोक्याला फडकं. उन्हात पायाने धान फिरवून फिरवून तिचा उजवा गुडघा कामातून गेला होता. गर्दीतून वाट काढत ती काचेपर्यंत पोचली आणि काचेला तळवा लावून उभी राहिली. धनत्रयोदशीची गर्दी, लोकांच्या हातांत पिशव्या, डबे, कोणाच्या डोक्यावर कुकरचं खोकं. कोणी सरकून जागा द्यायला तयार नव्हतं. माय एका पायावर भार देऊन उभी होती. गुडघा दुखायला लागला की ती ओठ दातांखाली दाबते. ताईला ते आतून दिसलं.

ताई उठली. काचेजवळ आली. दुकानाच्या पायरीकडे बोट दाखवून म्हणाली, “माय, बस नं. तिथं बस.”

भोंग्यातून ते सगळ्या रस्त्याला ऐकू आलं. मायलाही आलं. माय पायरीवर बसली आणि पाय लांब केला.

मालकाने घंटा वाजवली.

मला आधी कळलंच नाही काय झालं. लोक टाळ्या वाजवत होते. मालक माईकवर सांगत होता की देवियों और सज्जनों, मैडम ने आखिर बस बोल ही दिया, बहुत हिम्मत दिखाई, ज़ोरदार तालियाँ. मागचं दार उघडलं. ताई वळून बघत होती, कोणासाठी उघडलं म्हणून.

मी गर्दीतून काउंटरपाशी गेले.

“तिनं मायले सांगितलं बसायले. माय बसली. हे बघा, बसली हाय.”

“बेटा, नियम लिखा है,” मालक म्हणाला. “बस माने बस।”

“मराठीत बस म्हणजे बैठ.”

“इतने दिन से तो हिंदी बोल रही थी। आज मराठी कहाँ से आ गई?”

“मायसंगं हिंदीत कोन बोलते? तुम्ही बोलता घरी?”

तो फ्रिज बघणाऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मग मान न वळवता म्हणाला, “हमको मराठी नहीं आती।”

इथे मला सांगितलं पाहिजे की हा माणूस कोण. त्याचे वडील कचेरीत मोठे बाबू होते. घराणं तीन पिढ्यांपासून गावात, शुद्ध मराठी बोलणारं. त्याच्या आई मंडईतल्या भाजीवाल्याशीसुद्धा मराठीतच घासाघीस करायच्या आणि भाजीवाला हिंदीत उत्तर द्यायचा, हे गावातलं पोर पोर जाणतं. दुकानात त्याला मराठी येत नव्हती, कारण दुकानात मराठी येऊन काही विकलं जात नव्हतं. यात मला एरवी राग यायचं कारण नाही. गल्ल्यावर बसलेला माणूस गिऱ्हाइकाच्या भाषेत बोलतो, बोलू दे. पण माझ्या बहिणीच्या तोंडातला शब्द कोणत्या भाषेतला होता, हे तू ठरवणार? आणि ठरवायच्या वेळी नेमकी तुझी मायबोली विसरणार?

मी आत गेले, ताईला सांगायला. उघड्या दारातून तिला रस्त्याचा आवाज ऐकू येऊ लागला होता आणि ती दारात उभी राहून, डोळे बारीक करून, मान तिरकी करून ऐकत होती. मी काय झालं ते सांगितलं. वाटलं, रडेल. मग ती परत आत गेली आणि स्टुलावर बसली.

“मी हारली नाही,” ती म्हणाली. “मी नाही येत भायेर.”

“दार तर उघडलं त्यानं.”

“त्यानं उघडलं. मी कोठी म्हटलं उघड?”

मालकाने दिवा बंद केला. माईक बंद केला. कॅमेरा व्यायामशाळेवाल्याकडे वळवला. तो बिचारा आत जोर काढत होता. भिंतीपलीकडे काय चाललंय याचा त्याला पत्ता नव्हता. ताई अंधुक उजेडात, उघड्या दाराच्या खोलीत बसून राहिली. आता तिला बाहेर जायला कोणी अडवत नव्हतं. तरी ती आत होती आणि स्टेशन रोडवरची गर्दी हलत नव्हती. सणाच्या संध्याकाळी पोरीला हाताला धरून बाहेर ओढायची मालकाची हिंमत नव्हती.

मी झेरॉक्सच्या दुकानात उभ्या उभ्या पत्रक लिहिलं. आयुष्यात लिहिलेलं सगळ्यात छोटं. हिंदीत लिहिलं, कारण भांडण मराठी शब्दाचं असलं तरी न्याय हिंदी वाचणाऱ्यांकडे मागायचा होता. वर मोठ्या अक्षरांत, ‘माँ को बैठने कहना हार है क्या?’ खाली लिहिलं की मराठीत बसायला बस म्हणतात. ज्या बाईला हा शब्द सांगितला ती लगेच बसली आणि अजून पायरीवर बसलेली आहे, येऊन बघा. शेवटी, ‘जिसने घंटी बजाई, वह घंटी वापस ले।’

अर्ध्या तासात सगळी पत्रकं संपली. लोक वाचायचे, मग पायरीकडे बघायचे. माय पायरीवरच होती, फडक्याने वारा घेत. कोणीतरी विचारलं, “अम्मा, सच में आपको बोला था?” तर माय म्हणाली, “नाई तो क्या तेरेको बोला?”

मिक्सर घ्यायला आलेली एक बाई होती, बिंदी लावलेली, खमकी. वारासिवनीकडची असावी. तिने पत्रक वाचून काउंटरवर आपटलं. “भैया, हमारी पड़ोसन मराठी है। रोज बोलती है, बस, बस। हम तो बैठ जाते हैं। आज तक किसी ने घंटी नहीं बजाई।”

गर्दी हसली. मालक हसला नाही. फ्रिज बाहेर काढायला वाट उरली नव्हती. दोन गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली, ती त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. तेव्हा त्याने ठरवलं की हे प्रकरण केबलवरच मिटवायचं. ताईच्या खोलीतला दिवा लागला, माईक सुरू झाला, कॅमेरा परत वळला. तो भोंग्यावर म्हणाला की मैडम खुद आपको बताएँगी कि वो अपनी मर्ज़ी से हारी हैं. आणि मागच्या दाराने आत गेला, केसांवर हात फिरवत, कॅमेऱ्यासाठी तोंडावर हसू ठेवून.

मोठं माणूस आत आलं की उठून उभं राहायचं, हे मायने आमच्या अंगात मुरवलं आहे. माणूस कितीही नालायक असो. ताई स्टुलावरून उठली. हात पुढे बांधून उभी राहिली, शाळेत साहेब आल्यासारखी.

मालकाने स्टुलाकडे हात केला. आवाज एकदम मऊ करून, घरच्या पोरीशी बोलावं तसं तो म्हणाला, “बस, बस.”

भोंग्याने ते सगळ्या स्टेशन रोडला सांगितलं. दोनदा.

आत तो तसाच हात पुढे करून उभा होता. त्याला अजून कळलं नव्हतं. ताईला कळलं होतं. ती बसली नाही. माईककडे एकदा वर बघून म्हणाली, “आता भायेर कोनी जायचं, दादा? मी, का तुम्ही?”

रस्ता असा हसला की बस स्टँडकडचे लोक धावत आले काय झालं म्हणून. मिक्सरवाल्या बाईने काउंटरवरची घंटा उचलली आणि वाजवत सुटली. पोरं ओरडत होती, “सेठ आउट, सेठ आउट।” मी पत्रकात लिहिलेलं कितीही धारदार असो, हे मला सुचलं नसतं आणि कोणालाच सुचलं नसतं. ते त्याच्या तोंडून आलं, कारण उभ्या असलेल्या माणसाला बसायला सांगायची दुसरी भाषा त्याच्याकडेही नव्हती.

तो खाली बघत होता. कान लाल. मग, हे मी प्रामाणिकपणे लिहिते, त्याच्या तोंडाचा एक कोपरा हलला. तो मराठीत म्हणाला, “बरं. राहा तू.” बाहेर आला, दार लावलं, आणि भोंग्यावर सांगितलं की खेल जारी है. लोकांनी परत टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मी पण वाजवल्या. माय म्हणाली, “चाल आता, सैपाक राह्यला.”

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी आजूबाजूच्या घरांतून तळणाचा वास सुटला. मागच्या पंख्याने आवाज अडत होता, वास कसा अडणार. व्यायामशाळेवाल्याने गादीवर मांडी घातली आणि माईककडे बघून म्हणाला, “बस यार। घर जाना है।” त्याच्या भाषेबद्दल कोणाला शंका आली नाही. घंटा वाजली.

ताई दारातून पुढे रस्त्यावर आली तेव्हा उन्हाने तिचे डोळे मिटत होते. सकाळपासून पोरं जमलेली होती. सगळी तिच्याकडे बघत उभी. ताईचा आवाज बसला होता. तरी तिने विचारलं, “सात अट्ठे?”

आणि पोरांनी उत्तर दिलं, आणि ते तिने ऐकलं. तिने तिथेच पायरीवर बसून तोंड ओंजळीत घेतलं. हारासकट स्कूटी तिच्यापुढे आणली, तरी तिला पोरांकडून अजून दोन पाढे हवे होते.

नंतर मी तिला विचारलं, आत एकटं वाटत होतं का. ती म्हणाली, “एकटं नाही वाटे व. इतके लोक सामने. पन आपन बोललं का कोनी जवाबच नाही दे, त्यानं डोकं फिरे. म्हनून मीच विचारो अन् मीच थांबो.”

सुट्टी संपली त्या सकाळी ती शाळेत प्रार्थनेच्या आधी पोचली. मी मागे बसले होते. गाडी कच्च्या रस्त्यावर उडत होती आणि ती दर खड्ड्याला म्हणत होती, “पकड, पकड.” मुख्याध्यापकांनी घड्याळ पाहिलं, मग गाडी पाहिली, मग हजेरीची वही पुढे सरकवली. त्यानंतर एकही दिवस तिची नेमणूक धोक्यात आली नाही. त्या गावात खोली तिला आजही कोणी देत नाही. तिला आता ती नकोही आहे.

हे सगळं आज लिहायचं कारण असं. यंदा त्याच रस्त्यावर, दुसऱ्या एका दुकानात, काच लागली आहे. आत तीन मुली आहेत. तिथे शब्दाची भानगडच ठेवलेली नाही. काचेवर खाली बारीक अक्षरांत एकच ओळ आहे, ‘संचालक का निर्णय अंतिम होगा।’ म्हणजे कोण थकलं, कोण हरलं, कोणी काय म्हटलं, हे आतल्या मुलीला विचारायचंच नाही.

तुम्ही संध्याकाळी केबलवर त्या मुलींना बघता, हे मला माहीत आहे. टीव्ही बंद करा आणि चप्पल घाला. स्टेशन रोडवर जा, त्या दुकानदाराला बाहेर बोलवा आणि ती ओळ तुमच्यासमोर खोडायला लावा. तो ऐकत नसेल तर चार जणांना घेऊन परत जा. आजच जा.